कणकुंबीच्या नोंदी: मलप्रभेच्या उगमाशी एक पावसाळा

२७ मे, कणकुंबी

बेळगावहून दुपारच्या गाडीनं पोचले. पिरनवाडी, किणये मागं पडलं की रस्ता चढणीला लागतो. कुसमळीला मलप्रभेवरचा पूल, मग जांबोटी, आणि जांबोटीच्या पुढं झाडी दोन्हीकडून रस्त्यावर झुकलेली. शक्ती योजनेत बायकांना तिकीट शून्याचं, त्यामुळे गाडीत बाजार करून परतणाऱ्या बायकाच जास्त होत्या. पर्जन्यमापकाचं नरसाळं मी मांडीवर धरून बसले होते. ते कशाचं, हे जांबोटीपर्यंत चौघींना सांगून झालं.

काम थोडक्यात लिहून ठेवते. मलप्रभेच्या उगमाकडच्या पाणलोटात पाऊस किती पडतो, ओढे किती वाहतात, आणि पाऊस गेल्यावर झरे किती टिकतात हे एका पावसाळ्यापुरतं नोंदवायचं. पर्जन्यमापक तीन: कणकुंबी, चिखले, पारवाड. दोन ओढ्यांवर पाण्याची उंची वाचायच्या गेज पट्ट्या. झरे गावकरी दाखवतील तेवढे. मुक्काम ऑक्टोबरअखेरपर्यंत.

मी अथणीकडची. जिल्हा एकच, पण आमच्याकडं वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला की वर्ष बरं गेलं म्हणतात. ढग दिसला की माणसं अंगणात येतात. इथं मे संपायच्या आत सगळं गाव पावसापासून घर वाचवायच्या मागं लागलंय.

२९ मे

जागा मिळाली. सोप्यातली एक खोली, छपरावर खानापुरी कौलं, भिंती मातीच्या. घरात काका, काकू आणि आजी. मुलगा-सून गोव्यात कामाला आहेत, गणपतीला येतात.

आज दिवसभर घरची बेगमी बघत होते, हातभारही लावला. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून गवताच्या पेंढ्यांचा आडोसा बांधला, कारण वाऱ्याची झड त्याच बाजूनं येते आणि मातीची भिंत भिजली की फुगते. जळण माळ्यावर चढवलं. गोवऱ्या वेगळ्या, फोडलेली लाकडं वेगळी. तांदूळ, कुळीथ, सुकी मिरची, आमसुलं, मीठ सगळं पत्र्याच्या डब्यांत. चुलीच्या वर बांबूची एक मांडणी टांगलेली आहे. पावसाळ्यात कपडे तिथंच वाळतात आणि नाचणीची कणसंही. माझी वही आणि बॅटऱ्या ठेवायला काकूंनी त्याच मांडणीचा एक कोपरा रिकामा करून दिला. उपकरणांसोबत आलेल्या सूचनापत्रात ‘कोरड्या जागी ठेवावे’ एवढंच लिहिलंय. या घरात कोरडी जागा म्हणजे चुलीच्या वरची.

३० मे

पहिला झरा मोजला. गावाबाहेरच्या एका वाडीला पाणी देणारा, जांभ्याच्या कड्याच्या पायथ्याशी. १० लिटरची बादली भरायला २ मिनिटं लागली. म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. जलजीवन मिशनचा हिशोब दरडोई ५५ लिटर धरतो, त्या मापानं हे पाणी १३० माणसांचं, गुरं सोडून. पाणी धरायला बायका आळीपाळीनं बसलेल्या. घागर भरेपर्यंत बोलणं होतं, पण दोन घागरी झाल्या की बोलणं संपतं आणि कंटाळा उरतो.

ज्या डोंगरावर पाऊस मीटरमध्ये मोजावा लागतो, तिथं मेअखेर घागरीसाठी रांग. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहून ठेवलाय. ऑक्टोबरात याच बादलीनं पुन्हा मोजायचं.

२ जून

टेप आणि लेव्हलिंगची पट्टी घेऊन ओढ्यावर उतरले तर मागून तीन माणसं आली. “कळसाचं माप घ्यायला आलाय काय?”

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. कणकुंबीच्या अलीकडचं पाणी मलप्रभेत जातं आणि पलीकडचं म्हादईत. मलप्रभा पूर्वेला सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात साठते, तिथून हुबळी-धारवाडच्या नळाला पोचते, आणि पुढं कुडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. पलीकडचं पाणी अलीकडं वळवायची कळसा-भांडुरा योजना आहे. म्हादईच्या तंट्यासाठी नेमलेल्या लवादानं २०१८ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकाला म्हादईचं १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं ३.९ टीएमसी या वळवण्यासाठी. गोवा आणि कर्नाटक कोर्टात भांडतायत, आणि कालवा खोदलाय तो या लोकांच्या शिवारालगत. त्यामुळे हातात टेप असलेल्या माणसाला गाव विचारणारच, आणि विचारावंच.

त्यांना वहीच दाखवली. ओढ्याचं नाव, तारीख, पाण्याची उंची, एवढेच रकाने. “हे आम्हाला परत दाखवणार काय?” त्यातल्या वयस्करांनी विचारलं. हो म्हणाले. मग त्यांनी पट्टी कुठं लावू नये ते दाखवलं: मी निवडलेल्या जागी आषाढात मोठा दगड गडगडत येतो आणि वळणाबाहेर पाणी फुगतं. चाळीस-पन्नास पावलं वर, सरळ पात्रात, कातळाला पट्टी ठोकली. जागा माझ्यापेक्षा त्यांची चांगली आहे. पात्र सरळ आणि तळ न हलणारा, हेच पुस्तकही सांगतं.

४ जून

वनखात्याची परवानगी हातात आली. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, संध्याकाळी पाचनंतर रानात थांबायचं नाही, एकटीनं जायचं नाही. शेवटची अट अस्वलासाठी. कार्यालयातल्या वनरक्षकानं ती कागदावर बोट ठेवून दोनदा वाचून दाखवली.

५ जून

पर्जन्यमापक बसवला, मराठी शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत. नियम असा की कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर हवी, आणि जवळचं झाड वा भिंत तिच्या स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. इथं अशी मोकळी जागा शोधणं हेच मोठं काम. फणसाचं झाड टाळता टाळता अर्धा दिवस गेला.

बसवताना घरचे काका सोबत होते. बाटली बघून म्हणाले, “ताई, ही तुमच्या अथणीला बरी. हिथं तरण्या पावसात एका रात्रीत सांडंल.”

हिशोब मांडला. नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला २० मिलिलिटर पाणी. बाटली ४ लिटरची. २०० मिलिमीटरला काठोकाठ. हवामान खातं दिवसाच्या पावसाचा सर्वांत वरचा वर्ग २०४.५ मिलिमीटरला सुरू करतं. त्या वर्गातला दिवस उजाडला तर बाटली आधीच ओसंडलेली असणार. काकांनी हे सगळं नुसत्या नजरेनं सांगितलं. १० लिटरच्या बाटल्यांची मागणी आजच कार्यालयाला पाठवली. त्या येईपर्यंत संध्याकाळी एक जादा वाचन घ्यायचं.

८ जून

मृग लागला. लागला त्याच रात्री पाऊस.

१४ जून

काल संध्याकाळी सोप्यावर आठ-दहा जण जमले होते, वही बघायला. तारखा आणि मिलिमीटर वाचून दाखवले. कुणी काही बोललं नाही. मग आजींनी विचारलं, “मृगाचा किती झाला ते सांग की.” बेरीज करून सांगितली, आणि लगेच चर्चा पेटली. ह्या सालचा मृग बरा, गेल्या सालचा कोरडा गेलता, आर्द्रा फसली की तरवा (लावणीची भातरोपं) पिवळा पडतो. इथली आठवण नक्षत्रांवर बांधलेली आहे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. माझी वही तारखांवर चालते, म्हणून गावाला तिच्यात काही दिसत नव्हतं.

आज रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: नक्षत्र. पानाच्या तळाला नक्षत्रवार बेरीज. कार्यालयाच्या छापील फॉर्ममध्ये त्याला जागा नाही, आणि तो फॉर्म कन्नडमध्ये आहे. मला दोन्ही वाचता येतं, इथल्या बहुतेकांचं वाचन मराठीतलं. म्हणून रजिस्टर मराठीत, त्यावरून फॉर्म कन्नडमध्ये. रोज वीस मिनिटं जास्त जातील, जाऊ देत.

२२ जून

बेंदूर झाला. बैलांच्या शिंगांना रंग, घरात कडबू. पाऊस असूनही बैल मिरवले. संध्याकाळचं वाचन शाळेतल्या दोन मुलींनी घेतलं, मी नुसती शेजारी उभी राहिले. मापन-नळीत पाणी कडेला किंचित वर चढलेलं दिसतं, वाचायचं ते मधल्या खोलगट तळाशी, डोळा त्याच पातळीला आणून. पहिलीनं उभ्यानं वाचलं, दुसरीनं गुडघे टेकले आणि पहिलीला आकडा थोडा कमी करायला सांगितलं. आकडा दुसरीचाच बरोबर होता.

२६ जून

जळवा. मोजे पँटवर चढवायचे आणि त्यावर तंबाखूची भुकटी चोळायची, असं काकूंनी शिकवलं. तंबाखू निपाणीची. मीठही चालतं, पण ते पहिल्या ओढ्यात धुऊन जातं.

७ जुलै

पुनर्वसू लागून दोन दिवस झाले. वीज परवापासून नाही. मोबाइलला रेंज शाळेच्या पायरीवर, तीही हवा चांगली असेल तर. पारवाडचं वाचन तिथल्या दुकानदारांनी चिठ्ठीवर लिहून दुधाच्या गाडीबरोबर पाठवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून. चिठ्ठी कोरडी पोचली.

लावणी सुरू आहे. चिखलणी झालेल्या खाचरात बायका ओळीनं वाकलेल्या, डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी. इरली आता थोड्याच घरांत उरली आहेत. आमच्या घरी एक आहे, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. आजी म्हणतात, प्लॅस्टिकमध्ये घामानं भिजायला होतं, इरल्यात वारा खेळतो. मी ते आज ओढ्यावर नेलं. वाकून पट्टी वाचताना पाठ, मान आणि वही तिन्ही कोरडी राहतात आणि दोन्ही हात मोकळे. पावसाळी कोटात वही भिजायची. उरलेल्या मुक्कामात मी इरलंच वापरणार.

१२ जुलै

१० लिटरच्या बाटल्या कालच्या गाडीनं आल्या आणि आज सकाळी साडेआठच्या वाचनाला २०० ची रेघ ओलांडलेली होती. रात्रभर कौलांवर जो आवाज चालला होता त्यात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. चार लिटरची बाटली असती तर हा दिवस नोंदीतून गेला असता.

काकांना आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि गोठ्याकडं गेले, तिथं पाणी शिरत होतं.

१५ जुलै

ओढ्याचा वेग मोजला. काठावर १० मीटरच्या दोन खुणा, वरून लाकडाचा ठोकळा सोडायचा. ५ सेकंदांत खाली आला, म्हणजे सेकंदाला २ मीटर. वरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून ०.८५ नं गुणायचं: १.७. काठावरून दोर कमरेला बांधून, दोघांनी धरून. पात्रात उतरणं आता बंदच.

हेम्माडगा आणि आमगावकडच्या वाड्यांची खबर दुधाच्या गाडीवाल्यानं सांगितली. तिकडं माणसं दरसाल पावसाआधी स्वतः लाकडाचे साकव बांधतात. पाणी चढलं की शाळा, दवाखाना, बाजार सगळं त्या साकवावर. आजारी माणसाला खांद्यावरून न्यावं लागतं. मी इथं ओढ्याची उंची सेंटिमीटरमध्ये लिहिते आहे. त्या वाड्यांसाठी हीच उंची म्हणजे आज पलीकडं जाता येईल की नाही. अशा प्रत्येक साकवापाशी एक रंगवलेली पट्टी असावी, लाल रेघेच्या वर पाणी असेल तर कुणी पाय ठेवू नये, असा प्रस्ताव लिहायला घेतलाय. खर्च एका डबा रंगाचा आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा आहे. माझ्या कामाच्या यादीत हे नाही, तरी प्रस्ताव पाठवणार.

३ ऑगस्ट

आश्लेषा. पुष्याची बेरीज पुनर्वसूपेक्षा कमी निघाली. सोप्यावर कुणाला नवल वाटलं नाही.

जेवणाचं आता बसलंय. पहिले पंधरा दिवस जोंधळ्याच्या भाकरीवाचून पोट भरल्यासारखंच होत नव्हतं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, टाकळ्याची भाजी, खेकड्यांचा रस्सा, आणि रानातून आलेली अळंबी. अळंबी कुठली खायची हे आजी उलटी करून, वास घेऊन ठरवतात. शंका आली की टाकून देतात. विचारलं तर सांगतात, पण मी एकटीनं तोडून आणू नये अशी सक्त ताकीद आहे.

२० ऑगस्ट

कार्यालयातून फोन (शाळेच्या पायरीवर). नक्षत्राचा रकाना कशाला, फॉर्म ठरलेला आहे, असं म्हणणं. मी सांगितलं ते इथं लिहून ठेवते. फॉर्म तसाच भरून येतोय, एकही तारीख सुटलेली नाही. रजिस्टर गावात राहणार आहे. माझी बदली झाल्यावर मापक कोण वाचणार, याचं उत्तर छापील फॉर्ममध्ये नाही. ज्यांना त्या आकड्यात स्वतःचं शेत दिसेल तीच माणसं साडेआठला नळी हातात घेतील. लेखी द्या म्हणाले. दिलं.

१८ सप्टेंबर

उघडीप. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर गेलो. जांभ्याचा हा काळपट कातळ मेमध्ये तव्यासारखा होता, आता पायाखाली मऊ हिरवळ आणि लहान लहान निळी-पिवळी फुलं. कातळाला भोकं आहेत, भेगा आहेत. पाणी त्यातून आत उतरतं आणि खाली चिकट मातीचा थर लागला की आडवं सरकत कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडतं. आपले झरे ते हेच. म्हणून सड्यावर जांभ्याची खाण पडली की खालच्या वाडीनं झऱ्याची काळजी करावी. हे मी सोप्यावर नकाशा काढून सांगितलं. काका म्हणाले हे त्यांच्या वडलांना ठाऊक होतं, पण कागदावर असलं तर पंचायतीत बोलता येतं.

चिखल्याच्या धबधब्याला बेळगावची पोरं गाड्या घेऊन आलेली. चिखल्याचा मापक त्यांच्या वाटेत येतो, म्हणून त्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं, दुप्पट अंतराचा नियम पाळून.

२९ सप्टेंबर

हस्त लागला. दोन झऱ्यांच्या ओहोळांवर पत्र्याचे ९० अंशांच्या खाचेचे बांध बसवले. खाचेत पाणी १० सेंटिमीटर चढलं की प्रवाह सेकंदाला साधारण ४.४ लिटर. मुलींसाठी अशा उंचीचा आणि लिटरचा तक्ता करून शाळेच्या भिंतीवर चिकटवलाय, गणित करायची गरज नाही.

१४ ऑक्टोबर

वाडीचा झरा, तीच बादली. ८ सेकंद. दिवसाला १,०८,००० लिटर, ५५ च्या मापानं १,९६० माणसांचं. मेमध्ये १३०.

रांग नव्हती. एक बाई कपडे धूत होती, तिनंच बादली धरायला मदत केली. तिला दोन्ही आकडे सांगितले. ती म्हणाली, “मग हे आत्ताचं कुठंतरी धरून ठेवायला येत नाही काय?” याच प्रश्नासाठी हे सगळं मोजणं आहे. पायथ्याशी झाकलेली टाकी बांधून मेपर्यंतचं पाणी पुरणार नाही. झरा जिथून भरतो त्या सड्यावर पाणी जास्त वेळ थांबलं पाहिजे, आणि किती थांबतं ते कळायला नोव्हेंबर ते मे दर आठवड्याला हीच बादली लागेल. माझी नेमणूक ऑक्टोबरअखेर संपते. झऱ्याची खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. अहवालात हे पहिल्या पानावर टाकलंय. पावसाळ्यापुरतं मोजणं हे अर्धं मोजणं आहे, आणि डोंगरातल्या पाण्याच्या कामाला नेमणूक एका पावसाळ्याची नको, एका वर्षाची हवी.

२१ ऑक्टोबर

कार्यालयाचं उत्तर. रजिस्टरच्या छपाईला मंजुरी मिळाली. मराठी आणि कन्नड दोन्ही मथळे, नक्षत्राचा रकाना ठेवलेला. मुदतवाढ नाही. साकवांच्या पट्ट्यांचा प्रस्ताव ‘पुढील कार्यवाहीसाठी’ तालुक्याला गेलाय. खानापूरला जाऊन त्याचा आवक क्रमांक घेऊन आले. विचारायला गेलं की आधी क्रमांक मागतात, म्हणून तो पंचायतीच्या फळ्यावरही लिहून घेतला.

२७ ऑक्टोबर

सुगी तोंडावर आली, माणसं घरात सापडत नाहीत, म्हणून रात्री जेवणानंतर सोप्यावर बसून वाटणी केली. कणकुंबीचा मापक शाळा बघणार, सुट्टीत काका. पारवाड दुकानदार. चिखल्याला अजून कुणी पक्कं झालं नाही, तिथल्या महिला बचत गटानं दिवाळीनंतर सांगतो म्हटलंय. वाडीच्या झऱ्याची बादली दर सोमवारी, कपडे धुणाऱ्या त्या बाईच धरणार आहेत. स्टॉपवॉच त्यांच्याकडं दिलं, आणि मोबाइलमधलं घड्याळ कसं लावायचं तेही दाखवलं, बॅटरी संपली तर अडू नये.

मुलींना शेवटचं एक पुन्हा बजावलं. आता महिनोन्‌महिने पाऊस नसेल. तरी रोज साडेआठला जायचं, बाटली बघायची आणि ०.० लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे त्या दिवशी कुणी गेलंच नाही, असा त्याचा अर्थ होतो.